‘नको’ म्हणायलाही जागा द्या

मा. श्री. प्रल्हाद जोशी,
केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री,
नवी दिल्ली

महोदय, सादर नमस्कार.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा. बस स्टँडजवळ मोबाईल रिचार्ज आणि दुरुस्तीचं माझं छोटं दुकान आहे. इथून रेल्वेत बसलं की लोंढा, अळणावर करत आपल्या मतदारसंघातल्या धारवाडला पोचायला फार वेळ लागत नाही. आमच्याकडचा पाऊस, इथलं भात, इथली माणसं आपल्याला परकी नाहीत. म्हणून पत्ता दिल्लीचा असला तरी शेजारच्या माणसाला लिहावं तसं लिहितोय.

पूर्वी दुकानात लोक फुटलेली काच, फुगलेली बॅटरी, पावसात भिजलेला फोन घेऊन यायचे. आता कितीतरी जण धडधाकट फोन घेऊन येतात. फोनला काही झालेलं नसतं. त्यात कुणीतरी शिरून बसलेलं असतं आणि त्याला बाहेर कसं काढायचं ते त्यांना उमगत नसतं.

गेल्या पावसाळ्यात जांबोटीकडच्या एका गावातून एक काकू आल्या. छत्री दाराशी टेकवली, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेला फोन काढला आणि म्हणाल्या, “बघा की वो दादा, परत पैसे गेलेत.” कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार खात्यात पडले की दोन-चार दिवसांत त्यातले १९९ रुपये गायब व्हायचे. पाच महिने हे चाललं होतं. बँकेत त्या दोनदा जाऊन आल्या होत्या. तिथं सांगितलं, परवानगी तुमच्याच फोनवरून दिलेली आहे.

फोन उघडून बघितला. मे महिन्याच्या सुट्टीआधी नातू आला होता, त्यानं मालिका बघायचं एक ॲप घेतलं होतं. ‘फक्त १ रुपयात ७ दिवस’. पोरानं आजीला विचारून एक रुपया भरला. तेच ॲप मी माझ्या फोनवर घेऊन ते पान पुन्हा नीट बघितलं. एक रुपयाचा आकडा मधोमध, पिवळ्याजर्द रंगात. सात दिवसांनंतर दरमहा १९९ रुपये आपोआप कापले जातील, ही ओळ अगदी तळाशी, फिक्या करड्या अक्षरांत, इंग्रजीत. माझ्या डोळ्यांना चष्म्याशिवाय ती दिसली नाही. काकूंनी महिन्याभरात ते ॲप काढून टाकलं होतं. त्यांच्या लेखी विषय संपला होता. ॲप काढलं तरी ऑटोपेची, म्हणजे आपोआप पैसे कापायची, परवानगी जिवंत राहते, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. घरातून घालवलेल्या माणसाकडे कपाटाची किल्ली राहते, असं कुणाच्या मनात तरी येईल का?

ती परवानगी रद्द करायला मला बारा मिनिटं लागली आणि मी हे काम रोज करतो. पैसे पाठवायच्या ॲपमध्ये वरच्या कोपऱ्यातला फोटो दाबायचा, खाली सरकत राहायचं, ‘ऑटोपे’ शोधायचं, मग यादी उघडते. यादीत त्या मालिकावाल्या ॲपचं नावच नव्हतं. त्यांच्या वतीनं पैसे गोळा करणाऱ्या तिसऱ्याच कुणाचं होतं. रकमेवरून ओळखलं. ९९५ रुपये गेले ते गेलेच. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे पैसे कापण्याआधी किमान २४ तास कळवावं लागतं. ते कळवलेलंही होतं, पाचही वेळा. इंग्रजीत, कर्जाच्या आणि रिचार्जच्या जाहिरातींच्या ढिगात. नियम पाळला गेला आणि काकूंना काहीच कळलं नाही, या दोन्ही गोष्टी एकाच फोनमध्ये मला दिसल्या.

महोदय, आपल्या खात्यानं या प्रकारांकडे दुर्लक्ष केलं असं मी म्हणणार नाही. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ‘डार्क पॅटर्न’विरुद्ध, म्हणजे ॲप आणि वेबसाइटवरून ग्राहकाला चकवायच्या युक्त्यांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात असे १३ प्रकार नावानिशी दिलेत. खोटी घाई करणं, न मागितलेली वस्तू टोपलीत सरकवणं, शिरायला सोपं पण सुटायला अवघड असं सदस्यत्व, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारून भंडावणं, कोड्यात टाकणारा प्रश्न. ती यादी वाचताना वाटलं, लिहिणारा माणूस माझ्या काउंटरवर आठवडाभर बसून गेला असावा. जून २०२५ मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करायला सांगितलं, तेही ठीक. पण ज्यानं सापळा लावलाय त्यालाच सापळा शोधायला सांगितलं तर तो किती शोधणार?

आणि या यादीतलं बरंच काही आमच्या भागात दुप्पट बोचतं, त्याचं कारण भाषा.

कोड्यात टाकणाऱ्या प्रश्नाचंच घ्या. एका ॲपचं सदस्यत्व बंद करायला गेलो तेव्हा मराठीत असं आलं : ‘तुम्हाला खात्री आहे की तुम्ही रद्द करू इच्छिता?’ खाली दोन बटणं. एकावर ‘रद्द करा’, दुसऱ्यावर ‘पुढे चालू ठेवा’. आता ‘रद्द करा’ म्हणजे सदस्यत्व रद्द, की रद्द करण्याचा विचार रद्द? ‘पुढे चालू ठेवा’ म्हणजे सदस्यत्व चालू, की बंद करण्याची कारवाई चालू? मी अंदाजानं ‘रद्द करा’ दाबलं आणि आधीच्याच पानावर परत आलो, सदस्यत्व तसंच. हे वाक्य मराठी बोलणाऱ्या एका जरी माणसानं वाचलं असतं तरी ते असं राहिलं नसतं. विकत घ्यायच्या पानावरची मराठी मात्र अगदी सरळ, गोड असते. तिथं कुणीतरी मन लावून काम केलेलं दिसतं.

आमचा पिनकोड ५९१३०२. तो टाकला की बरीच ॲप स्वतःच ठरवतात की या माणसाला कन्नड हवं. कन्नडबद्दल माझी काहीच तक्रार नाही. दुकानात मी दिवसभर दोन्ही भाषा बोलतो आणि बैलहोंगलकडून येणाऱ्या शेतकऱ्याची व्यथाही हीच आहे : त्याच्या ॲपमधलं कन्नड पैसे भरेपर्यंत टिकतं, तक्रार करायला गेलं की इंग्रजी सुरू. सीमाभागात कोणत्या माणसाला काय वाचता येतं हे पिनकोडवरून कळत नाही, त्यालाच विचारावं लागतं. उलट बाजूनं, मराठी निवडलं की काही ठिकाणी राज्य महाराष्ट्र धरलं जातं आणि खानापूर शोधलं तर सांगली जिल्ह्यातलं येतं. शहराचं नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदात बेळगावी झालं. जुन्या आधार कार्डावर बेळगाव, फॉर्मच्या यादीत बेळगावी, आणि ‘पत्ता जुळत नाही’ म्हणून केवायसी परत. यात अडकलेली माणसं आठवड्याला एखादी तरी येतेच.

तंत्रज्ञान अपुरं आहे म्हणून असं होतं, ही सबब मला पटत नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या फोनवर २२ भाषांतला मजकूर दिसलाच पाहिजे, असं भारतीय मानक आयएस १६३३३ च्या भाग ३ नं २०१६ सालीच सांगितलंय. अक्षरं फोनमध्ये आहेत. ती योग्य पानावर टाकायची नाहीत, हा कुणाचा तरी निर्णय आहे.

आणखी एक गोष्ट दाखवायची आहे. सात-आठ हजारांचा नवा फोन. भात विकून घेतलेला. सुरू करतानाच तो वीसेक पानं दाखवतो आणि प्रत्येक पानावर ‘मान्य’वर आधीच खूण असते. त्यातल्याच एका खुणेमुळे कुलूप लावलेल्या स्क्रीनवर रोज जाहिराती येऊ लागतात. म्हातारा माणूस रुमालानं काच पुसतो आणि पुसता पुसता जाहिरात उघडते. ती बंद करायची फुली तिळाएवढी. शेतात काम करून राठ झालेल्या बोटाला ती सापडतच नाही. ॲप अपडेट करा, ठिकाण कळू द्या, संपर्क बघू द्या, असं विचारलं जातं तेव्हा उत्तरं दोनच : ‘होय’ आणि ‘नंतर’. ‘नको’ हा दोन अक्षरांचा शब्द आमच्याकडे तान्ह्या पोरालाही येतो. या फोनमध्ये मी तो शोधत राहतो आणि मला तो मिळत नाही. पैसे देऊन विकत घेतलेल्या वस्तूला मालकानं नको म्हणायची सोय नाही, याचा मला खरोखर राग येतो.

मदत क्रमांकाचंही सांगायला हवं, कारण त्यातून सर्वांत मोठं नुकसान होतं. कंपन्या आपला फोन नंबर ॲपमध्ये इतका खोल ठेवतात की सापडत नाही. चॅटवरचं यंत्र त्याच चार पर्यायांत फिरवत राहतं. मग माणूस इंटरनेटवर नंबर शोधतो आणि तिथं भामट्यांनी टाकलेले खोटे नंबर वरच असतात. नंदगडचा एक मुलगा परत न आलेल्या बाराशे रुपयांसाठी असा नंबर शोधायला गेला. समोरच्यानं गोड बोलून एक ॲप घ्यायला लावलं, स्क्रीन बघून घेतली आणि ८,४०० रुपये गेले. सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवायला मीच त्याच्याबरोबर बसलो. खरा नंबर ठळकपणे समोर असता तर खोट्याचं दुकान चाललं नसतं. नंबर लपवणारी कंपनी या नुकसानीची धनी नाही, असं मी तरी मानू शकत नाही.

कुणी म्हणेल, कायदा आहे, दाद मागा. जिल्हा ग्राहक आयोग बेळगावात आहे. १९९ रुपयांसाठी काकूंनी बसभाडं खर्चायचं, दिवसाची मजुरी बुडवायची आणि तारखांना जायचं? त्या जाणार नाहीत. रक्कम एवढीच का ठेवतात, हेही त्यावरून कळतं. प्रत्येकाकडून इतकंच घ्यायचं की भांडण त्याला महाग पडावं. आपल्या खात्याचा १९१५ हा क्रमांक मी लोकांना आवर्जून देतो. त्यावर मराठीतही बोलता येतं आणि काही जणांचे पैसे त्यामुळे परत आलेत, त्याबद्दल मनापासून आभार. पण तिथं पोचतो तो ज्याला आपले पैसे गेल्याचं कळलंय तोच.

माझं मुख्य म्हणणं एवढंच आहे. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सांगतो की माणसाची माहिती घेण्यासाठी संमती साध्या सोप्या भाषेत मागा, ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत वाचायची सोय द्या, आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं ठेवा. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, कंपन्यांना दीड वर्षाची मुदतही मिळाली. माहितीसाठी एवढी काळजी घेता येते, तर खात्यातून पैसे काढायच्या संमतीला हाच न्याय का लागू नये? ज्या भाषेत ‘होय’ घेतलं त्याच भाषेत आणि तेवढ्याच टप्प्यांत ‘बंद करा’ मिळालं पाहिजे. एक रुपयाचा आकडा जेवढा मोठा, तेवढाच पुढच्या महिन्याच्या १९९ चा. ॲप काढताना ‘तुमची ऑटोपे परवानगी अजून चालू आहे, तीही बंद करायची का?’ असं विचारलं गेलं पाहिजे. काही गोष्टी रिझर्व्ह बँकेच्या आणि माहिती तंत्रज्ञान खात्याच्या अखत्यारीत येतात हे मला ठाऊक आहे. आपण मंत्रिमंडळात आहात, त्यांच्याशी बोलू शकता. मी बोललो तर कोण ऐकणार?

आणि तपासणी कंपन्यांवर सोपवू नका. प्राधिकरणाला स्वतःहून चौकशी करायचा अधिकार कायद्यानं दिलेला आहे. अधिकाऱ्यांनी सात-आठ हजारांचा फोन घ्यावा, भाषा मराठी किंवा कन्नड ठेवावी आणि इथं यावं. मोठी ॲप एकेक करून घ्यायची आणि सातवी-आठवी शिकलेल्या माणसाच्या हातात द्यायची. सदस्यत्व घेऊ द्या, मग बंद करायला सांगा, घड्याळ लावा. कुणाच्या मदतीशिवाय बंद करता आलं नाही तर त्या कंपनीला नोटीस द्या. दिल्लीत वातानुकूलित खोलीत मोठ्या स्क्रीनवर जे सरळ दिसतं, ते कणकुंबीच्या पावसात एका दांडीच्या नेटवर्कवर कसं दिसतं, हे एकदा तरी बघायला हवं.

काकू येऊन गेल्या त्या दिवसापासून मी एक वही ठेवलीय. तारीख, गाव, ॲप, किती रुपये गेले, बंद करायला किती मिनिटं लागली. ज्यांची हरकत नाही त्यांच्या फोनवरची पानंही छापून चिकटवली आहेत. आपण धारवाडला असाल तेव्हा अर्धा तास द्या, मी वही घेऊन येतो. काकूही यायला तयार आहेत. मळणी आटोपली की कधीही, असं त्यांनी सांगितलंय.

आपला,
खानापुरातला एक मोबाईल दुकानदार