वणवा लागायच्या आत सड्यावर या

सप्रेम नमस्कार.

माघ सरत आला, सड्यावरचं, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावरचं, गवत पिवळं पडलंय. परवा संध्याकाळी घाटाच्या अंगाला धूर दिसला, म्हणून हे आवाहन घाईनंच लिहितोय.

आपलं राधानगरीचं रान तुम्हाला मी नव्यानं काय सांगणार? शाहू महाराजांच्या शिकारीचं हे राखीव जंगल. १९५८ साली दाजीपूरला गव्यांसाठी राखलं गेलं, ते राज्यातलं पहिलं अभयारण्य. १९८५ साली त्याची हद्द ३५१ चौरस किलोमीटरपर्यंत वाढली आणि २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारसा यादीत गेलं. गवा, शेकरू, पिसोरी हरीण, खवल्या मांजर, अस्वल, धनेश अशी सगळी आपल्या उंबऱ्याशी राहतात. भोगावतीचं पाणी पिणाऱ्या प्रत्येक घराला या जंगलाचं देणं आहे.

आपल्याकडे वणवा आपोआप लागत नाही, माणूस लावतो. जाळलं की पुढच्या पावसात गवत जोमानं येतं, ही जुनी समजूत अजून जात नाही. पण आगीत अंजनी-जांभळाची रोपं जातात, टिटवी आणि चंडोल भुईवरच घरटं करतात त्यांची अंडी भाजतात, आणि उघडी पडलेली माती पहिल्याच वळवात ओढ्याला लागते. पाऊस पडेपर्यंत सड्यावर चाऱ्याची काडी उरत नाही. मग गवा उसात उतरला की त्याच्या नावानं ओरडणारे आपणच.

गेल्या उन्हाळ्यात सावराईच्या बाजूला आपल्या पोरांनी हिरव्या डहाळ्यांनी झोडपून पहाटेपर्यंत आग विझवली. त्या रात्री बसस्थानकाजवळच्या चहावाल्या मामांनी दोन वेळा किटली भरून वर पाठवली, पैसे घेतले नाहीत. ठाण्याला दिलेल्या आपल्या एका माहेरवाशिणीनं आईच्या वर्षश्राद्धाचा खर्च आवरून मंडळाला पानं उडवायचा ब्लोअर घेऊन दिला. तो नसता तर गेल्या वर्षीची जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत-पाचोळा काढून केलेला मोकळा पट्टा, निम्मीही झाली नसती. पोस्टातून निवृत्त झालेले काका दर महिन्याला पेन्शन घेतली की न सांगता पाकीट आणून देतात. शाळेच्या मुलींनी तर खाऊच्या पैशातून बॅटऱ्यांचे सेल आणले. या माणसांचं ऋण मंडळ विसरणार नाही.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे. गणपतीची वर्गणी आपल्या गावात एका संध्याकाळी जमते. वणव्याच्या सभेला गेल्या वर्षी नऊ माणसं आली, त्यातले तिघे वनमजूर. शहरातल्या मोठ्या मंडळींना पाठवलेल्या पत्रांना पोचसुद्धा आली नाही. यंदा असं होऊ नये, एवढंच मागणं.

यंदाच्या जाळरेषेसाठी होळीच्या आधीचे तिन्ही रविवार, सकाळी सात वाजता शाळेच्या पटांगणात जमायचं. वनविभागाची परवानगी काढली आहे, त्यांची माणसं सोबत असतील. कोयता, टोपी, पायात बंद बूट, नायलॉनचे कपडे नकोत, बिडी-काडीपेटी घरी ठेवून यायचं. आणखी एक ब्लोअर, पेट्रोल, पाण्याचे कॅन, बॅटऱ्या आणि नाश्ता हवा आहे. वस्तू दिली तरी चालेल. पैसे खजिनदारांकडेच द्या, पावती घेतल्याशिवाय कुणाच्या हातात देऊ नका. जीप असणाऱ्यांनी शनिवारी रात्रीपर्यंत कळवा, चढावर कॅन न्यायला दोन गाड्या कमी पडताहेत.

आपला,
चिटणीस