आई-बाबा, जूनमध्ये इसारकाठी चालायला या

म्युनिक, एप्रिल

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर आई म्हणाली की बाबा हल्ली घाटावर जात नाहीत, गॅलरीतच फेऱ्या मारतात. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, आणि बाबांचं म्हणणं, "आता एवढं चालून जायचं कुठं?" ते ऐकून मला चैन पडेना. आज रविवार होता, म्हणून मी मुद्दाम इसार नदीच्या काठाने अगदी तुमच्या चालीने चालून आले. बाक किती अंतरावर आहेत, सावली कुठे आहे, वाट कुठे खडबडीत आहे, सगळं बघितलं. फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि निम्मं सांगायचं राहून जातं, म्हणून हे पत्र.

विटल्सबाखर पुलापासून निघायचं. नदीच्या पूर्व काठाने वाट सपाट जाते, एका बाजूला गवत आणि मोठी झाडं, दुसऱ्या बाजूला पाणी. पाणी हिरवट, गढूळ नव्हे, तळाचे खडे दिसतात. आल्प्समधल्या चुनखडीच्या डोंगरांतून येतं, त्यामुळे उन्हाळ्यातही पाय घातला तर झिणझिण्या येतात. सायकलवाल्यांकडे मात्र लक्ष ठेवावं लागतं, ते जोरात येतात. मी तुमच्या त्या बाजूने चालेन.

बाबा, आता तुमच्यासाठी. आज जी नदी ऐसपैस दिसते ती तशी नव्हती. एकोणिसाव्या शतकापासून तिला सरळ करत आणली होती, काठ दगड-काँक्रीटने बांधले होते आणि बरंचसं पाणी वीज करायला कालव्यात वळवलं होतं. मग २००० ते २०११ या काळात शहरातला आठ किलोमीटरचा पट्टा पुन्हा मोकळा केला. काठाचं काँक्रीट फोडलं, पन्नास मीटरचं पात्र काही ठिकाणी नव्वद मीटरपर्यंत रुंद केलं. पात्रात आडव्या बांधलेल्या पायऱ्यांऐवजी मोठ्या दगडांचे उतार केले, म्हणजे माशांना वर जाता यावं. नदीत पूर्वीपेक्षा जास्त पाणी सोडायला लागले. पूरसंरक्षक बांध मजबूत करायचा होता, पण त्यावरची जुनी झाडं तोडायची नव्हती, म्हणून काही ठिकाणी बांधाच्या पोटात उभी भिंत घातली. हे वाचताना तुम्ही चष्मा पुसून पुन्हा वाचणार, मला माहीत आहे. आलात की बांधावर उभं राहून नीट बघा.

आणखी एक. हे काम चालू असतानाच २००५ च्या ऑगस्टमध्ये इथे मोठा पूर आला. म्हणजे आपण सांगलीत घरातला चिखल काढत होतो त्याच महिन्यात! शहराला मोठा फटका बसला नाही. वरच्या अंगाला १९५९ पासून सिल्व्हनस्टाइन धरण आहे, नव्वदच्या दशकात त्याची उंची वाढवली होती. त्याचा मोठा हात होता. शिवाय नदीला पसरायला जागा मिळू लागली होती. आता पूर ओसरला की खड्यांची बेटं जागा बदलतात, आणि लोक ती तशीच राहू देतात. कृष्णेचा पसारा फार मोठा, इसार तिच्यापुढे लहान आहे. पण सांगलीच्या आयर्विन पुलापाशी किती फूट पाणी, हे रात्र रात्र कळवत बसलेल्या माणसाने ही नदी पाहायलाच हवी असं मला मनापासून वाटतं. ४५ फुटांना धोक्याची पातळी. २०१९ साली ते सत्तावन्नच्या वर गेलं, तेव्हा तुम्ही निवृत्त होऊनही झोपला नव्हता. पूररेषेच्या आत बांधकाम नको म्हणून तुम्ही पाटबंधारे खात्यात जन्मभर भांडलात. एका मोठ्या शहराने नदीला तिची जागा परत दिली, ती तुमच्या डोळ्यांनी बघा.

आई, तू कंटाळलीस ना? तुझ्यासाठी ऐक. या दिवसांत झाडांखाली एक रुंद पानांची वनस्पती गालिच्यासारखी पसरते. इथे तिला बेअरलाउख म्हणतात. पान चुरडलं की लसणाचा वास. लोक ते खुडून नेतात, मी चटणी करते, दाण्याचं कूट घालून. पण तशाच दिसणाऱ्या पानांची एक विषारी वनस्पतीही असते, म्हणून प्रत्येक पान वेगळं बघावं लागतं. वासावर भरवसा ठेवता येत नाही, कारण एक पान चुरडलं की बोटांनाच वास राहतो. मी देठ आणि पान उलटसुलट बघूनच घेते, काळजी करू नकोस.

वाटेत महापालिकेची गुलाबाची बाग लागते, तिकीट नाही. जूनमध्ये फुलते, म्हणूनच मी जून म्हणते आहे. शेजारी एक भाग दृष्टिहीन लोकांना हात लावून, वास घेऊन झाडं कळावीत यासाठी केलेला आहे. तिथे तू तासभर हलणार नाहीस.

पुढे फ्लाउखर. तिथे पात्रात पांढऱ्या-करड्या खड्यांचे किनारे आहेत, घरंच्या घरं येऊन बसतात. आज एक आजोबा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात पाय सोडून बसले होते, आजी शेजारी पेपर वाचत होत्या. तासाभराने मी परत तिथून गेले तरी दोघं तशीच. पाणी पोहण्याइतकं स्वच्छ राहावं म्हणून वरच्या गावांच्या सांडपाणी प्रकल्पांत उन्हाळ्यात अतिनील किरणांनी जंतू मारतात.

लांब पादचारी पूल ओलांडला की चेस्टनटच्या झाडांखाली बिअर गार्डन आहे. बाबा, नाव ऐकून नाही म्हणू नका. इथे आपला डबा घेऊन बसायची जुनी रीत आहे, १८१२ च्या राजाज्ञेपासूनची, फक्त पेय तिथलं घ्यायचं. सफरचंदाचा रस सोडा घालून मिळतो. शेजारच्या टेबलावर मुळ्याचे पातळ काप मीठ लावून खात असतात, आपल्या टेबलावर आईची थालीपीठं. तिथून थालकिर्शनचं भुयारी रेल्वे स्टेशन जवळ आहे. भिंतींवर प्राण्यांची चित्रं आहेत, पलीकडे प्राणिसंग्रहालय ना, म्हणून. लिफ्ट आहे, जिने चढायचे नाहीत. थकलात तर मधूनच परत फिरू, घाई कसलीच नाही.

दादाशी बोलले आहे. तो पुण्याला व्हिसाची वेळ घेतो आहे, प्रवासविमा मी इथून काढते. बाबा, ऑपरेशनचे कागद आणि गोळ्यांची चिठ्ठी एका फाइलमध्ये ठेवा. तोवर रोज संध्याकाळी रिक्षाने घाटापर्यंत जा, पायऱ्या उतरू नका, वर सपाटीवरच चाला, आणि आईला बरोबर न्या. आई, भाजणी दळून आण. तूप आणू नकोस, दुधाचे पदार्थ युरोपात आणू देत नाहीत. इथलं लोणी चांगलं आहे, मी कढवून ठेवते.

तुमची,
धाकटी