वॉफल मेकर माळ्यावर का जातो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी-पाडव्याच्या सुमारास स्वयंपाकघरातल्या उपकरणांच्या पानभर जाहिराती येतात. त्यात आता सँडविच टोस्टरच्या शेजारी वॉफल मेकर, म्हणजे दोन तापत्या तव्यांच्या साच्यात चौकोनी खळग्यांचे वॉफल भाजणारे यंत्र, हमखास असतो. मुलांच्या हट्टापायी तो घरी येतो, दोन-चार रविवार चालतो आणि माळ्यावर जातो. तक्रारी घरोघरी त्याच: वॉफल चिकटते, झाकण उघडले की मधोमध फाटून अर्धे वर आणि अर्धे खाली राहते, कुरकुरीत होत नाही, झाले तरी ताटात पडेपर्यंत मऊ पडते. यातल्या बहुतेक गोष्टी सुधारता येतात. काही मात्र खरेदीच्या वेळीच ठरून जातात, म्हणून आधी दुकानातले सांगते.

खोक्यावर जाडजूड, खोल चौकोनांचे, वर स्ट्रॉबेरी रचलेले वॉफल छापलेले असते. ही ब्रसेल्सची पद्धत. बेल्जियममध्येच लिएज शहराचे वॉफल अगदी वेगळे, यीस्टच्या घट्ट पिठाचे आणि साखरेचे खडे घातलेले. खोक्यावरचा ‘बेल्जियन’ हा शब्द अमेरिकेत रुळला तो न्यूयॉर्कच्या १९६४-६५ च्या जागतिक प्रदर्शनात ब्रसेल्स पद्धतीची वॉफल खपू लागल्यापासून. असे वॉफल साधारण इंचभर जाड असते आणि त्यासाठी वरचा-खालचा मिळून साचाही तेवढा खोल लागतो. आपल्याकडे तवे बदलून सँडविच, ग्रिल आणि वॉफल असे तिन्ही करणारी यंत्रे जास्त खपतात. त्यांतला वॉफलचा साचा बहुधा उथळ असतो, त्यातून चित्रासारखे वॉफल कधीच निघणार नाही. पातळ वॉफल वाईट असते असे मुळीच नाही. नॉर्वेत हृदयाच्या आकाराची पातळ, मऊ वॉफल वेलदोडा घालून घरोघरी करतात. पण मनात एक आणि ताटात दुसरे आले की दोष यंत्राला दिला जातो. दुकानात झाकण उघडायला लावा आणि काडेपेटीतली एक काडी साच्याच्या चौकोनात उभी धरा. तिचा तिसरा हिस्सा, म्हणजे साधारण दीड सेंटीमीटर, आत गेला तर साचा खोल समजावा. काडीचा गूलच तेवढा बुडत असेल तर पातळ वॉफलचे यंत्र आहे असे समजून घ्यावे किंवा सोडावे.

दुसरा प्रश्न वॉटचा. एका वेळच्या दोन वॉफलना मिळून २०० ग्रॅम पीठ लागते असे धरू. ते २५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायचे आणि त्यातले निदान ३५ ग्रॅम पाणी वाफ करून उडवायचे, तर सुमारे १३० किलोज्यूल उष्णता लागते. ७५० वॉटच्या यंत्रातली सगळी उष्णता पिठातच गेली तरी याला तीन मिनिटे लागतील. थोडी बाहेरही जाते, म्हणून प्रत्यक्षात चार-पाच मिनिटे लागतात. म्हणजे दोन वॉफलच्या यंत्राला ७५० वॉट पुरतात. तेवढ्याच वॉटमध्ये चार वॉफलचा साचा कोणी विकत असेल तर घेऊ नये. त्यात पीठ भाजण्याऐवजी शिजत बसते आणि वॉफल फिके, चिवट होते.

विजेचा दाब कमी-जास्त होतो त्या भागातल्या वाचकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टला ७५० वॉट देणारे यंत्र १९० व्होल्टला जेमतेम ५१० वॉट देते. अशा वेळी वॉफल बिघडले तर पिठाला दोष देऊ नये. दाब चांगला असेल तेव्हा करावे, किंवा साच्यात पीठ कमी घालून वेळ वाढवावा. ७५० वॉटला सव्वातीन अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो, तेव्हा साधा सहा अँपिअरचा तीन पिनांचा सॉकेट चालतो. मात्र एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर वॉफल मेकर आणि इलेक्ट्रिक किटली लावू नये. आयएसआय चिन्ह आणि अर्थिंगची पिन पाहूनच यंत्र घ्यावे.

निघणारे तवे घ्यावेत की पक्के? पक्क्या तव्यांचे यंत्र सहसा लवकर आणि सारखे तापते, कारण तापणारी तार तव्याला चिकटूनच असते. निघणारे तवे धुवायला सोपे. पण त्यांची खरी किंमत वेगळी आहे. नॉनस्टिक थर कधी ना कधी जाणारच, आणि तेव्हा फक्त तवे बदलता आले तर यंत्र पुढेही चालते. म्हणून दुकानदाराला थेट विचारावे, ‘याचे तवे सुटे मिळतात का, कितीला?’ उत्तर मिळाले नाही तर निघणाऱ्या तव्यांसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. तापमान कमी-जास्त करायचे बटण असले तर उत्तम. साच्याभोवती पन्हळीसारखी खाच असेल तर ओसंडलेले पीठ बिजागरीत शिरत नाही.

गॅसवर ठेवायचा दुहेरी साचाही मिळतो. हात न भाजता उलटता यावा असा चुलीवरचा साचा अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या कॉर्नेलियस स्वार्टवाउट यांनी २४ ऑगस्ट १८६९ रोजी पेटंट केला होता. आजचे साचेही त्याच घडणीचे. गॅसवर घ्यायचा तर बिडाचा घ्यावा, नॉनस्टिक नको. विजेच्या यंत्रातला थर्मोस्टॅट उष्णता आवरतो. गॅसवर रिकामा नॉनस्टिक साचा २६० अंशांच्या पुढे सहज जातो, थर खराब व्हायला लागतो आणि आणखी तापला की त्यातून निघणारा धूर घरात पिंजऱ्यातला पोपट असेल तर त्याच्या जिवावर बेततो. ॲल्युमिनियमचा साचा इंडक्शनवर तापत नाही, हेही घेण्यापूर्वीच ध्यानात असावे.

आता पीठ. मध्यम आकाराच्या पाच-सहा वॉफलसाठी १५० ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, दोन छोटे चमचे बेकिंग पावडर, २५ ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, दोन अंडी, २४० मिलिलिटर दूध आणि ७५ ग्रॅम वितळवलेले लोणी. कोरडे जिन्नस एकत्र चाळावेत. दूध, पिवळा बलक आणि लोणी वेगळे फेटून त्यात ओतावे आणि दहा-बारा वेळा ढवळून थांबावे. बारीक गुठळ्या राहिल्या तर राहू द्याव्यात. गुळगुळीत होईपर्यंत घोटले की मैद्याला चिवटपणा येतो आणि वॉफल रबरासारखे होते. पांढरे बलक फेसून शेवटी अलगद मिसळले की जाळी सुरेख पडते. पीठ पंधरा मिनिटे ठेवून मगच वापरावे. इडलीच्या पिठापेक्षा जरा सैल, डावातून जाड धारेने पडणारे हवे.

७५ ग्रॅम लोणी पाहून अनेकजण हात आखडता घेतात आणि बिघाड तिथेच सुरू होतो. शंकरपाळ्याला मोहन कमी पडले की काय होते हे प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. वॉफलमधले लोणी तेच काम करते: बाहेरून कुरकुरीतपणा आणते आणि तवा सोडवते. लोण्याऐवजी ६० मिलिलिटर तेल चालेल, पण त्याहून कमी करू नये. साखरेचे उलट आहे. ती वाढली की तव्यावर पाक होऊन चिकटते. गोड हवे तर वरून मध घ्यावा, काकवी घ्यावी. लिएजच्या पद्धतीचे, खडेसाखर घातलेले वॉफल घरच्या नॉनस्टिक यंत्रात करू नये ते याच कारणाने. साखरेचा पाक थरावर घट्ट बसतो आणि काढताना थर घेऊन निघतो.

अंडे चालत नसेल तर दूध २०० मिलिलिटर करून १२० ग्रॅम ताजे दही घालावे, बेकिंग पावडर दीड चमचा आणि खायचा सोडा पाव चमचा. सोडा दह्याच्या आंबटपणावर लगेच फुलतो, म्हणून तो शेवटी घालावा आणि हे पीठ ताटकळत ठेवू नये. कणीक वापरायची तर निम्मी मैद्यात मिसळावी, दूध ३०-४० मिलिलिटर वाढवावे. नुसत्या कणकेचे वॉफल चवीला छान लागते, पण कुरकुरीत होईल अशी आशा ठेवू नये. कॉर्नफ्लोअर नसेल तर तांदळाची पिठी तेच काम करते.

हिरवा दिवा लागला की घरोघरी लगेच पीठ ओतले जाते. तो दिवा थर्मोस्टॅटजवळच्या एका जागेचे तापमान सांगतो, कडा अजून थंड असतात. दिवा लागून, विझून पुन्हा लागेपर्यंत थांबावे. एकूण सहा-आठ मिनिटे होतात. त्यानंतर ब्रशने दोन्ही तव्यांना, चौकोनांच्या कोपऱ्यांपर्यंत, तेलाचा पातळ हात द्यावा. लोणी नको, त्यातला दुधाचा अंश जळून काळे ठिपके पडतात. फवाऱ्याच्या डब्यातले तेलही नको. त्यातल्या बऱ्याच तेलांत लेसिथिन नावाचा पदार्थ असतो, त्याचा चिकट, पिवळसर राप तव्यावर चढतो आणि घासून जात नाही. पुढे चिकटण्याचे तेच कारण ठरते.

पीठ मधोमध ओतावे, साचा पाऊणच भरावा, झाकण लावावे आणि हात काढून घ्यावा. यानंतरची चार मिनिटे सगळ्यात अवघड. फटीतून आधी वाफेचे लोट येतात, मग ती विरळ होते, शेवटी एखादी रेघ उरते. ती दिसेनाशी झाली की वॉफल झाले. दिवा काय म्हणतो ते या वेळी पाहू नये. वाफ चालू असताना झाकण उचलले तर वरची कड वरच्या तव्याला, खालची खालच्या तव्याला धरून असते आणि मधला कच्चा भाग फाटतो. भाकरी भाजली की आपण होऊन तवा सोडते, आधी ओढली तर तुटते, इथेही तसेच. झाकण अलगद उचलून पाहावे, जरा अडले तर पुन्हा मिटून आणखी एक मिनिट द्यावे. काढायला लाकडी किंवा सिलिकॉनचे उलथने घ्यावे. स्टीलच्या चमच्याचे किंवा सुरीचे टोक एकदा लागले की तिथून थर सुटायला लागतो. पहिले वॉफल फिके निघेल, आप्पेपात्राचा पहिला घाणा निघतो तसेच, त्यावरून पीठ पातळ करू नये.

निघालेले वॉफल ताटात ठेवणे ही शेवटची चूक. खालची वाफ ताटाला अडते आणि मिनिटभरात तळ ओला होतो. जाळीवर सुटे ठेवावे, एकावर एक रचू नये. उरलेली वॉफल थंड करून फ्रीझरमध्ये ठेवता येतात. खाताना टोस्टरमध्ये किंवा ओव्हनमध्ये गरम करावीत, मायक्रोवेव्हमध्ये ती लिबलिबीत होतात.

यंत्र माळ्यावर जाऊ नये यासाठी मैद्यावर अडून राहायचेही कारण नाही. आंबलेल्या इडलीच्या पिठात स्निग्धांश जवळजवळ नसतोच, म्हणून वाटीमागे दोन छोटे चमचे तेल आणि एक मोठा चमचा तांदळाची पिठी घालावी. सहा-सात मिनिटांत खमंग वॉफल निघते, सांबाराबरोबर छान लागते. थालीपिठाची भाजणी पळीवाढी भिजवून कांदा-कोथिंबीर घालून आठ-नऊ मिनिटे ठेवावी. साबुदाणा वड्याचे मिश्रण तर या साच्यासाठीच केल्यासारखे आहे: तळणीशिवाय चारी अंगांनी कुरकुरीत होते. ते ओतता येत नाही, लिंबाएवढे गोळे साच्यात ठेवून झाकण दाबावे, तव्याला तेलाचा हात जरा सढळ द्यावा आणि दहा मिनिटे उघडू नये. साबुदाणा चिकट असतो, घाई केली तर साचा धुण्यात सकाळ जाईल.

धुण्याचेही थोडे. पक्क्या तव्यांचे यंत्र नळाखाली धरू नये. प्लग काढून, कोमट असतानाच ओल्या फडक्याने पुसावे. चौकोनात वाळलेले पीठ अडकले असेल तर त्यावर थेंबभर तेल सोडून दहा मिनिटांनी जुन्या मऊ टूथब्रशने काढावे. काथ्या, तारेची घासणी अजिबात नको. तवे पुरते कोरडे झाल्यावर मध्ये कागद घालून झाकण मिटावे.

संपादकांना एक विनंती. आपल्या पुरवणीत सणाच्या खरेदीसाठी उपकरणांच्या किमतींचे तक्ते येतात. वॉफल मेकरच्या पुढे किमतीबरोबर वॉट, साच्याची खोली मिलिमीटरमध्ये आणि सुट्या तव्यांची किंमत असे तीन रकाने वाढवावेत. ज्या कंपन्या हे आकडे देणार नाहीत त्यांचा रकाना रिकामा छापावा.

आपली,
एक वाचक, पुणे