शेजारच्या खोलीतल्या काकांना, कालनिर्णयच्या पानाबद्दल थँक्यू

काका, समोर येऊन बोलायला गेले की तुम्ही "असू दे गं, चहा घे" म्हणून विषय संपवता, म्हणून इथे सगळ्यांसमोरच लिहितेय. काकू वाचून दाखवतीलच.

बाकीच्यांसाठी सांगते. मी एका पतपेढीच्या हेड ऑफिसला आहे, मार्च संपल्यावर साहेब म्हणाले सगळ्या शाखांचे नंबर लाव, आणि गणिताने लाव म्हणजे कोणी भांडणार नाही (हा हा). मी शोधून शोधून डीईए शिकले, डेटा एनव्हलपमेंट अ‍ॅनालिसिस, १९७८ ची चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांची पद्धत. शाखा देते किती (ठेवी, कर्ज) भागिले तिला लागतं किती (माणसं वगैरे), एवढंच, फक्त ठेवीला किती वजन आणि कर्जाला किती हे प्रत्येक शाखेसाठी वेगळं, तिला सगळ्यात सोयीचं पडेल ते, अट एकच की त्याच वजनांनी कोणाचाच स्कोअर १ च्या वर जायला नको. रात्री अकराला लालबागच्या आपल्या गॅलरीत लॅपटॉप मांडीवर घेऊन सॉल्व्हर (ही वजनं शोधून देणारा प्रोग्राम) चालवला आणि अर्ध्याहून जास्त शाखांचा स्कोअर बरोब्बर १. आता नंबर लावू कसले, डोंबलाचे!

तुम्ही झोप येत नाही म्हणून बाहेर आला होतात. स्क्रीन बघून म्हणालात, "अगं हे दहावीच्या बेस्ट ऑफ फाइव्हच्याही पुढचं झालं, ज्याला चित्रकला येते त्याची टक्केवारी फक्त चित्रकलेची!" आणि आत जाऊन कालनिर्णयचं जुनं पान आणलंत आणि मागच्या बाजूला मोकळ्या जागेत तीन शाखा मांडल्यात. दर माणशी ठेवी आणि कर्ज, कोटींत: पहिली २ आणि ०.५, दुसरी १ आणि १.५, तिसरी १.७ आणि १.१. आपापल्या वजनांनी तिघी १. पहिली तर कर्जाला चक्क शून्य वजन देऊन १ झालेली, पतपेढी आणि कर्जाला शून्य! मग तुम्ही म्हणालात आता तिघींना एकच तराजू, आणि वजनं अशी काढायची की १ पर्यंत जायला सगळ्यांची मिळून जी तूट पडते ती कमीत कमी राहील. ठेवीला ०.२७६, कर्जाला ०.४८३. दुसरी आणि तिसरी १ वरच राहिल्या, पहिली धपकन ०.७९. कॉमन वेट्स म्हणतात याला हे मला तेव्हा कळलं, रोल, कुक आणि गोलानी यांनी १९९१ मध्येच मांडलेलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या शाखांना तेच लावलं. ठेवीवाल्या शाखेच्या मॅनेजरचा फोन आलाच, आमच्यावर अन्याय झाला म्हणून. मी म्हटलं सर, वजनं सगळ्यांना तीच आहेत, शीट पाठवते, तुम्हीच करून बघा. आधीच्या रिपोर्टवर हे बोलता आलं नसतं मला. टाय मात्र एक राहिलाच, वरच्या दोन शाखा, तो मी तसाच ठेवलाय, तुम्ही म्हणाला होतात ना, उगाच ओढूनताणून तोडू नकोस.

आणि ते पान माझ्याकडेच राहणार आहे. पुढच्या बाजूला काकूंचा मे महिन्याचा दुधाचा हिशोब आहे, त्याचा फोटो काकूंना पाठवलाय, १७ तारखेला दूध आलं नव्हतं.