फोटोत न आलेल्या दोन ओळी

नाशिक, रविवार

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

परवा तू पाठवलेला, उन्हाळी संशोधन फेलोशिपच्या नोटिशीचा फोटो मी चार वेळा मोठा करून पाहिला. ‘बाबा, हे भरण्यासारखं आहे का?’ एवढंच तू विचारलंस. भरण्यासारखं आहेच. पण त्या फोटोत कागदाचा खालचा भाग आलेलाच नाही. काचेवर ट्यूबलाईट चमकते आहे, डाव्या कोपऱ्यात फोटो काढणाऱ्याचं बोट आलंय, आणि इच्छुक विद्यार्थ्यांनी विभागाच्या कार्यालयात… इथे वाक्य तुटतं. कार्यालयात काय करायचं? नाव द्यायचं? अर्जाची प्रत द्यायची? कधीपर्यंत? ते सगळं खालच्या दोन ओळींत आहे, आणि त्या ओळी तुमच्या ग्रुपवर कोणाकडेच नाहीत असं तू फोनवर म्हणालास. साठ मुलांच्या ग्रुपवर तो फोटो फिरला आणि एकालाही खाली काय लिहिलंय ते पाहावंसं वाटलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं. म्हणून ताईकडे बाळाचं सगळं आवरून झाल्यावर हे पत्र लिहायला बसलोय. फोनवर तू ‘हो बाबा, हो बाबा’ म्हणतोस आणि विषय संपतो.

आधी ती फेलोशिप काय आहे ते नीट समजून घे. बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची अकादमी, या तिघी मिळून ती चालवतात. निवड झाली तर उन्हाळ्यात दोन महिने देशातल्या एखाद्या मोठ्या संस्थेत एका शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करायला मिळतं, वर विद्यावेतन मिळतं. तू एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहेस, म्हणजे तुला हीच वेळ आहे. आणि ती फक्त मुलांसाठी नाही, शिक्षकांसाठीही आहे. तुमच्या विभागात नव्याने लागलेले जे तरुण सर आहेत, त्यांनाही अर्ज करता येतो. त्यांना हे ठाऊक असेलच, पण तू त्यांच्याशी बोललास तर शिफारसपत्राचीही गोष्ट निघेल. अर्जात तुला कशावर काम करायचंय आणि का, हे थोडक्यात लिहावं लागतं. तो मजकूर दुसऱ्याकडून लिहून घेऊ नकोस. गेल्या दिवाळीत तू गच्चीवर बसून मला त्या लेसरच्या प्रयोगाबद्दल अर्धा तास सांगत होतास, तसं लिही.

बत्तीस वर्षं मी बडोद्याच्या विद्यापीठाच्या कचेरीत काढली. नोटीस कशी तयार होते ते तुला कधी सांगितलं नाही. वरून पत्र येतं, त्याची आवक नोंद होते, साहेबांच्या टेबलावर जातं, ते कोपऱ्यात ‘मुलांना कळवावे’ असं लिहून सही करतात. मग टाइप होतं, जावक क्रमांक पडतो, शिक्का बसतो, चार प्रती निघतात. काचेच्या बोर्डाची किल्ली माझ्या टेबलाच्या वरच्या खणात असायची, निळ्या दोऱ्यात बांधलेली. एवढ्या हातांतून तो कागद फिरतो तेव्हा मुदतीचे बरेचसे दिवस कचेरीतच सरलेले असतात. म्हणून नोटीस लागली त्या दिवशीच वाचायची असते. ग्रुपवर यायची वाट पाहायची नसते.

आता तुला एक गोष्ट सांगतो. ती आईलाही मी फार उशिरा सांगितली होती. विद्यापीठात लागायच्या आधी मी एका लहान गावच्या कॉलेजात तीन वर्षं कारकून होतो. नाव लिहीत नाही. तिथला बोर्ड लहान, कागद फार. एका दुपारी परीक्षेचं नवं वेळापत्रक आलं. जागा नव्हती म्हणून मी ते फी माफीच्या नोटिशीवरच लावलं, चारी कोपऱ्यांना टाचण्या मारून. फी माफीची मुदत अजून चार दिवस होती. पाचव्या दिवशी एक मुलगी खिडकीशी आली. तिच्या हातात उत्पन्नाचा दाखला होता, तलाठ्याच्या सहीचा, घडी घातलेला. मी म्हटलं, मुदत काल संपली. ती बोर्डाकडे गेली, वेळापत्रकाचा खालचा कोपरा बोटाने उचलला, आत वाकून वाचलं, आणि परत येऊन काहीही बोलली नाही. दाखल्याची घडी पुन्हा घातली, पिशवीत ठेवली आणि गेली. मी प्राचार्यांकडे जाऊन विनंती केली, ते म्हणाले यादी वर गेली. पुढच्या सत्रात ती दिसली नाही. तिने कॉलेज सोडलं ते त्याच कारणाने की दुसऱ्या, हे मी कधी विचारायला गेलो नाही. जायला हवं होतं.

त्यानंतर बडोद्याला आलो तेव्हापासून मी एका कागदावर दुसरा कागद कधी लावला नाही. जागा नसेल तर जुना काढून भिंतीवर चिकटवायचो, शिपायाची बोलणी खायचो. आणि शेवटची तारीख प्रत्येक नोटिशीवर लाल शाईने पुन्हा लिहायचो, वर, जिथे आधी नजर जाते तिथे. तुमच्या फोटोत ती वर नाही, म्हणजे माझ्या जागी आलेल्याने ती सवय ठेवलेली नाही. कोणाला दोष देत नाही. पण म्हणूनच तुला स्वतः जाऊन ते दोन डोळ्यांनी वाचायला हवं.

तू दांडिया बाजारातून काळा घोडा चौकावरून कमाटीबागेच्या कडेने रोज कॉलेजला जातोस. त्या बागेतल्या झाडाखाली डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये बसले होते, हे तू शाळेत असताना तुला दाखवलं होतं. त्याच्या आधीचा भाग मात्र आपण फारसा बोललो नाही. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. त्या बदल्यात संस्थानाची दहा वर्षं नोकरी करण्याचा करार. त्यांनी ती संधी घेतली, न्यूयॉर्कला गेले, शिकले, आणि कराराप्रमाणे नोकरी करायला याच शहरात परत आले. तेव्हा या शहरात त्यांना राहायला कोणी जागा दिली नाही. महाराजांनी दिलं ते गावाने नाकारलं. त्या झाडाजवळून जाताना मला दोन्ही आठवतं, आणि कचेरीच्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेल्या माणसावर केवढी जबाबदारी असते तेही आठवतं.

दुसरं उदाहरण तुझ्याच विभागातलं. वेंकटरामन रामकृष्णन. २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल. त्यांनी १९७१ मध्ये बी.एस्सी. केलं ते आपल्याच विद्यापीठातून, भौतिकशास्त्र घेऊन. त्यांना वैद्यकीयला प्रवेश मिळालेला होता. राष्ट्रीय विज्ञान प्रतिभा शिष्यवृत्ती मिळाली म्हणून त्यांना भौतिकशास्त्राकडे वळता आलं. त्या शिष्यवृत्तीची परीक्षा त्यांनी वेळेत दिली होती, एवढंच मला तुला दाखवायचंय. तू ज्या जिन्यावरून चढतोस त्याच आवारात ते वाढले.

आता बाकीच्या गोष्टी, जशा आठवतील तशा. पीएच.डी. करायचा विचार असेल तर ‘नेट’ या पात्रता परीक्षेचा अभ्यास आत्तापासून धर. कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळाली तर महिना ३७,००० रुपये मिळतात. ती नाही जमली तरी गुजरात सरकारची ‘शोध’ योजना आहे, महिना १५,००० आणि वर्षाला खर्चासाठी २०,०००. माझ्या वेळी संशोधन करणारी मुलं शिकवण्या घेऊन पोट भरायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचे अभ्यासक्रम फुकट असतात, फक्त परीक्षेची फी पडते, आणि ते क्रेडिट गुणपत्रिकेत धरले जाऊ शकतात. पण धरले जातात की नाही हे आधी विभागात विचारून घे, वर्ष संपल्यावर नको.

शेजारच्या काकूंच्या मुलीला बारावीत चांगले गुण मिळालेत असं आजी म्हणाली. तिला मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेचं सांग. ऐंशीच्या वर पर्सेंटाइल आणि घरचं उत्पन्न वर्षाला सहा लाखांच्या आत असेल तर तिला फीची मदत मिळेल. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मामलतदार कचेरीत जावं लागेल. काकूंना एकट्यांना पाठवू नकोस, तू स्कूटरवर ने. तिथे बाहेर दलाल बसतात, ते पैसे मागतात. दाखल्यासाठी त्यांची काही गरज नसते.

तुमच्या प्रयोगशाळेतले मदतनीस, जे करारावर आहेत, त्यांनाही पुढे शिकायचंय असं तू म्हणाला होतास. नोकरीत असलेल्या माणसाला बाहेर अर्ज करायचा तर कचेरीतून ना हरकत दाखला घ्यावा लागतो, आणि त्यावर सह्या व्हायला दिवस लागतात. त्यांना म्हणावं, जाहिरात यायची वाट न पाहता साध्या कागदावर अर्ज देऊन ठेवा आणि त्याची पोच घ्या. पोच म्हणजे दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख. ती नसेल तर दिलेला कागद दिलाच नाही असं होतं. आमच्या वेळी अशी अडचण विद्यापीठाच्या सिनेटपर्यंत, म्हणजे अधिसभेपर्यंत नेता यायची, कर्मचाऱ्यांचं ऐकणारे दोन-चार लोक निवडून आलेले असायचे. गुजरातच्या २०२३ च्या कायद्याने सिनेट गेलं, त्याजागी व्यवस्थापन मंडळ आलं. मला ते पटलेलं नाही. निवडून आलेल्या माणसाला निदान रस्त्यात थांबवून विचारता यायचं. प्रवेशाचं मात्र सोपं झालं. आता एका पोर्टलवर एक अर्ज. पूर्वी जून महिन्यात मुलं आणि आईबाप उन्हात खिडकीपासून फाटकापर्यंत उभे असायचे. कोणाला घेरी आली की मी आतून पाण्याचा तांब्या पाठवायचो.

आणखी एक, फेलोशिपशी संबंध नाही. ललित कला विभागात मुलांची कामं मांडतात तेव्हा नक्की जा, भौतिकशास्त्राचा मुलगा म्हणून तुला कोणी अडवणार नाही. १९५० मध्ये तो विभाग सुरू झाला तेव्हा चित्रकला शिकवायला इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे आले होते, आपल्याच भाषेतले. तुझी आई लग्नाआधी तिथली चित्रं पाहायला रावपुऱ्यातून चालत जायची.

शिफारसपत्राचं सांगतो आणि संपवतो. सरांकडे शेवटच्या दिवशी जाऊ नकोस. जाताना गुणपत्रिकेची प्रत आणि तू केलेल्या प्रयोगांची अर्ध्या पानाची यादी ने, म्हणजे त्यांना पत्रात लिहायला काहीतरी हाती असेल. ‘सर, माझ्याबद्दल चांगलं लिहा’ असं म्हणू नकोस. ‘सर, तुम्हाला योग्य वाटेल ते लिहा’ असं म्हण. तुझं काम चांगलं आहे, त्यांनी ते पाहिलंय.

गुणपत्रिकांच्या झेरॉक्स माझ्या कपाटात मधल्या फळीवर हिरव्या फाईलमध्ये आहेत, पासपोर्ट फोटो त्याच फाईलच्या खिशात. चावी देवघराच्या खणात. आजीची बीपीची गोळी संपत आली असेल, दांडिया बाजारातच मिळते, जुनी पट्टी दाखव. ताई आणि बाळ दोघं छान आहेत. बाळ झोपेत तुझ्यासारखी मूठ आवळतं.

सोमवारी कॉलेज उघडलं की आधी बोर्डापाशी जा. फोटो काढलास तर कागदाच्या चारी कडा त्यात येऊ देत, आणि ग्रुपवर टाक. मग मला फोन कर आणि त्या दोन ओळी वाचून दाखव.

तुझा,
बाबा