नवीन पोराला 'दुसरा माणूस' म्हणून मोजू नका

मा. संपादक साहेब,
स.न.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात हरित नोकऱ्यांवर अख्खं पान आलं होतं, त्यात पवनचक्कीच्या टोकावर हेल्मेट घालून हसणाऱ्या पोराचा फोटो आणि खाली आयटीआयवाल्यांना मोठी संधी वगैरे. आमच्या कळव्याच्या चाळीत ते पान तीन घरं फिरलं आणि शेवटी माझ्याकडे आलं, कारण मी तेच काम करतो. शेजारच्या काकूंचा पोरगा यंदा इलेक्ट्रिशियन ट्रेड पूर्ण करतोय, काकूंनी पान माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, "खरंय का रे हे? पाठवू का?" मला पटकन हो पण म्हणता आलं नाही आणि नाही पण नाही. म्हणून हे पत्र लिहितोय. जरा लांबलंय, पाहिजे तिथे कापा, पण मधला पिशवीचा भाग तेवढा कापू नका.

फोटो खोटा नाहीये, हे आधी सांगतो. देशात पवनऊर्जेची क्षमता 2025 मध्ये 50 गिगावॅटच्या वर गेली, त्यात आपल्या महाराष्ट्राचा वाटा 5 गिगावॅटच्या पुढे आहे, मशीन उभ्या राहतायत तर त्या सांभाळायला माणसं लागणारच. मी पण इलेक्ट्रिशियनच, रबाळ्याला एका पॅनल बनवणाऱ्या कंपनीत वर्षभर अप्रेंटिस होतो, वर्ष संपल्यावर त्यांनी हात जोडले. मग एका कंत्राटदाराचा माणूस आला, पवनचक्कीवर टेक्निशियन पाहिजेत म्हणाला, आणि मी खोपटवरून एसटी पकडून थेट धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात. हातात साडेपंधरा हजार, राहायला दोन खोल्यांत सहा जण. पहिल्या दिवशी मशीनच्या बुडाशी उभा राहून वर बघितलं तर मानेतून कट्ट असा आवाज आला.

उंचीची भीती मला नव्हती. आपण ठाण्याची पोरं, मी पाच वर्षं पथकात सहाव्या-सातव्या थराला चढलोय. पण नऊ थर लावले तरी हंडी चाळीस-पंचेचाळीस फुटांवर, आणि आमची मशीन 80 मीटरवर, म्हणजे अडीचशे फुटांच्या वर. घोडबंदरला सव्वीस-सत्तावीस मजल्यांचा टॉवर असतो ना, त्याची लिफ्ट बंद पडलीय आणि जिनाही नाही, भिंतीला सरळ उभी शिडी आहे असं समजा. ती शिडी टॉवरच्या पोटात, अंधारात, मध्ये मध्ये प्लॅटफॉर्म, अंगात हार्नेस म्हणजे पट्ट्यांचं जॅकेट, छातीवर फॉल अरेस्टर, म्हणजे घसरलो तर जागच्या जागी पकडणारं यंत्र, शिडीच्या दोराला अडकवलेला. पहिल्यांदा मला वर जायला पस्तीस मिनिटं लागली, आता पंधरा-वीस मिनिटांत पोचतो. आणि हंडीत खाली शंभर माणसं हात वर करून उभी असतात, हे सगळ्यात महत्त्वाचं, ते पुढे येईलच.

वर जाऊन नवीन पोरगा काय करतो तर पुसतो. खरंच सांगतो, पहिले सहा महिने माझं मुख्य काम म्हणजे गिअरबॉक्सचं गळलेलं तेल पुसणं, ग्रीस भरणं, जनरेटरचे कार्बन ब्रश किती झिजले ते बघणं आणि सिनिअरला बॅटरी दाखवणं. नंतर टॉर्क मारायला, म्हणजे बोल्ट ठरलेल्या ताकदीने आवळायला दिलं. टॉवर ज्या बोल्टवर उभा असतो ना, त्यातल्या प्रत्येकावर मार्करने एक रेघ मारलेली असते, अर्धी नटवर आणि अर्धी फ्लँजवर म्हणजे खालच्या लोखंडी कड्यावर, रेघ तुटलेली दिसली की समजायचं बोल्ट हलला. मला ते काम फार आवडलं, एवढं मोठं धूड आणि त्याची तब्येत एका रेघेवर कळते. कामात मजा नाही असं मी कुणाला सांगणार नाही, नॅसेलचं, म्हणजे टॉवरच्या टोकावरच्या मशीनच्या डब्याचं, झाकण उघडून पहिल्यांदा डोकं बाहेर काढलं आणि सगळ्या टेकड्या खाली दिसल्या तो दिवस मी अजून विसरलो नाही.

आता मुद्द्याचं. टॉवरवर एकट्याने चढायचं नाही, कमीत कमी दोघं पाहिजेत, हा नियम सगळीकडे आहे आणि आमच्या साइटवरही पाळतात. पण तो दुसरा माणूस कशासाठी असतो? पाना द्यायला नसतो. वर पहिल्याला काही झालं तर त्याला खाली आणायला असतो. आणि बऱ्याच ठिकाणी हा दुसरा माणूस म्हणजे महिनाभरापूर्वी आलेला माझ्यासारखा पोरगा असतो. कागदावर दोन, प्रत्यक्षात दीड पण नाही.

गेल्या वर्षीचा मे. धुळ्याकडचा मे ठाण्यात बसून कळायचा नाही, आपल्याकडे नुसता चिकचिकाट, तिकडे हवाच भाजते. आणि नेमकं तेव्हाच सगळ्या मशीनचं पीएम म्हणजे सर्व्हिसिंग उरकायची घाई असते, कारण जूनमध्ये वारा सुटला की मशीन बंद ठेवणं कोणाला परवडत नाही. वारा दुप्पट झाला की त्यातली ताकद आठपट होते, वर्षाच्या विजेतला मोठा वाटा त्या तीन-चार महिन्यांत निघतो, त्यामुळे मे महिन्यात सुपरवायझरचा फोन दर तासाला. माझ्याबरोबर साक्रीचेच एक सिनिअर होते, मी त्यांना दादा म्हणतो, पंधरा वर्षं याच कामात, चिडले की अहिराणीतून असं काही बोलतात की निम्मं कळत नाही आणि निम्मं कळूनही हसू येतं. साडेअकराला वर पोचलो. नॅसेल म्हणजे फायबरचा बंद डबा, वरून ऊन, आत नुकताच थांबलेला गिअरबॉक्स. तासाभराने दादांचं बोलणं बंद झालं. मग त्यांच्या हातातला पाना सुटला, गरगरतंय म्हणाले आणि जनरेटरला टेकून खाली बसले, ओठ पांढरे पडलेले.

मी सुपरवायझरला फोन लावला. तो म्हणाला पाणी पाज, पंधरा मिनिटं बसवून ठेव, आणि तोपर्यंत हबचं, म्हणजे पाती जिथे जोडलेली असतात त्या भागाचं, राहिलंय ते तुला जमेल तेवढं करून घे. म्हणजे ज्याला अजून पाती फिरू न देणारं रोटर लॉक नीट लावता येत नाही त्याने एकट्याने हबमध्ये शिरायचं.

नॅसेलच्या मागच्या बाजूला एक केशरी पिशवी बांधलेली असते. रेस्क्यू किट. तिच्यावर तपासणीच्या तारखेचं टॅग आणि सील, सील शाबूत. मी ते तोडलं आणि पिशवी उघडली. आत दोराचं भेंडोळं, चाकासारखं एक डिव्हाइस, पट्टे, चार-पाच कॅरॅबिनर म्हणजे अडकवायच्या कड्या. साहेब, मला त्यातलं काहीही कळलं नाही. दोराचं कुठलं टोक माणसाला आणि कुठलं खाली सोडायचं, डिव्हाइस कशाला अडकवायचं, मागचं झाकण आधी उघडायचं की माणसाला आधी बांधायचं, काही नाही. ट्रेनिंग म्हणून आम्हाला पहिल्या दिवशी एका मोबाईलवर व्हिडिओ दाखवला होता, आठ पोरं आणि एक मोबाईल, माझ्या पुढे उंच पोरगा बसला होता, मला त्याची मान दिसली. मी 58 किलोचा, दादा पंच्याऐंशीच्या वर, खाली अडीचशे फूट आणि बुडाशी फक्त आमचा ड्रायव्हर, तो पण गाडीत एसी लावून झोपलेला.

माझे हात बघून दादाच म्हणाले, ती पिशवी ठेव बाबा, मी उतरतो माझा मी. मग वरचं झाकण उघडलं, गमछा ओला करून त्यांच्या मानेवर टाकला, ओआरएसची दोन पाकिटं होती ती पाजली, पाऊण तास तसेच बसलो. उतरताना ते पुढे, एकेका प्लॅटफॉर्मपर्यंत, तिथे बसायचे, मला हाक मारायचे आणि मग मी माझी कडी लावून उतरायचो. खाली यायला तासाच्या वर गेला. कोणाला काही झालं नाही, म्हणून त्याची कुठे नोंद पण नाही. उलट महिनाअखेरीला रजिस्टर आलं, त्यात रेस्क्यू ड्रिल घेतले असं आधीच लिहिलेलं आणि पुढे आमची नावं, सही करायची जागा रिकामी. मी पण केली सही, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर सुट्टी टाकून मी स्वतःच्या खर्चाने उंचीवरच्या कामाचं ट्रेनिंग घेतलं, आईच्या भिशीचे पैसे गेले त्यात. जागतिक पातळीवर ग्लोबल विंड ऑर्गनायझेशनचा जो बेसिक सेफ्टीचा कोर्स आहे तोच, त्यासाठी तामिळनाडूत जावं लागलं. तिथे ट्रेनरने मला हार्नेसवर नुसतं लटकवून ठेवलं. दोन-तीन मिनिटांत पाय जड झाले, मग मुंग्या, मग मांडीचे पट्टे असे रुतायला लागले की बास. तेव्हा कळलं, माणूस हार्नेसमध्ये हालचाल न करता लटकला की रक्त पायात साठतं, बेशुद्ध असेल तर काही मिनिटांत जिवावर येतं. म्हणजे धुळ्याहून ॲम्ब्युलन्स येईपर्यंत थांबू हा पर्यायच नाही, आणि माळरानात 80 मीटरची शिडी घेऊन कोण येणार आहे. खाली आणणारा माणूस वरच पाहिजे. ती केशरी पिशवी तिथे आम्ही दिवसभर उघडली, बांधली, एकमेकांना सोडलं, पुन्हा उघडली. संध्याकाळपर्यंत ती मला डोळे मिटून जमत होती. एका दिवसाचं काम आहे हो हे, मला राग त्याचाच येतो.

सुपरवायझरशी यावर बोललो तर तो म्हणतो, नवीन पोराला वर नेलंच नाही तर शिकणार कसा? बरोबर आहे त्याचं. न्या ना वर. पण तिसरा म्हणून न्या. दोघं असे पाहिजेत की कोणीही पडला तरी दुसरा त्याला खाली आणेल, आणि पोरगा त्यांच्याबरोबर तिसरा. ज्या दिवशी तो जमिनीवर सगळ्यांसमोर पिशवी उघडून माणूस खाली सोडून दाखवेल त्या दिवसापासून त्याला दुसरा म्हणा. यात खर्च आहे, एका टीममागे एक मजुरी वाढते, टीम कमी पडतात, मला कळतं ते. पण मे महिन्यात घाई आहे म्हणून शिकाऊ पोराला पूर्ण माणूस म्हणून लिहायचं ही सरळ लबाडी आहे.

ज्या आईबापांनी ते पान वाचून पोराला पाठवायचं ठरवलंय त्यांनी पगाराच्या आधी हे विचारा की कोर्सचे पैसे कोण देणार आणि कोर्स आधी की चढणं आधी. त्या कोर्सचं सर्टिफिकेट दोन वर्षंच चालतं, नंतर रिफ्रेशर लागतो, त्याचं पण विचारा. आणि कंत्राटदार सर्टिफिकेट स्वतःकडे ठेवून घेतो, नोकरी सोडायची म्हटलं की देत नाही, असे प्रकार मी पाहिलेत, पण या कोर्सची नोंद विंडा नावाच्या ऑनलाइन रजिस्टरमध्ये पोराच्याच नावावर असते, कागद कोणी अडवला म्हणून ती जात नाही, हे पोरांना माहीतच नसतं. नोव्हेंबर 2025 पासून नवीन लेबर कोड लागू झालेत, त्यात प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं म्हटलंय. ते मागा, लाजू नका.

आणि आपल्या ठाणे-नवी मुंबईतल्या आयटीआयवाल्यांना एक विनंती. 80 मीटरचा टॉवर कोणी मागत नाहीये. वर्कशॉपच्या शेडमध्ये वीस फुटांची शिडी, एक हार्नेस आणि एक पिशवी एवढं ठेवलं तरी पोरगं साइटवर अडाणी म्हणून जाणार नाही. मुंब्र्याच्या डोंगरात दर रविवारी क्लायंबिंगवाली पोरं दोर घेऊन येतात, त्यांना डिसेंडर, म्हणजे दोरावरून हळूहळू खाली उतरायचं डिव्हाइस, वापरता येतो, गाठी येतात, आणि टेक्निशियन म्हणून पगार घेणाऱ्या मला ते येत नव्हतं. माझ्या घरापासून एका स्टेशनवर हे सगळं शिकायला मिळालं असतं आणि मी मात्र तामिळनाडूत जाऊन आलो, याचं हसू येतं आता.

काकूंना मी अजून उत्तर दिलेलं नाही. सुट्टीचे चार दिवस शिल्लक आहेत, येत्या रविवारी त्यांच्या पोराला मुंब्र्याला घेऊन चाललोय, ओळखीच्या ट्रेकरांकडे दोर आहेत. त्याला माझं वजन धरून हळूहळू खाली सोडता येतंय का बघतो, मग सांगतो काकूंना.

आपला वाचक,
एक टेक्निशियन, कळवा
(नोकरीचा प्रश्न आहे, नाव छापू नये ही विनंती)