तेजोमेघाच्या फोटोखाली दोन ओळी हव्यात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तेजोमेघांचे (नेब्युलांचे) रंगीत फोटो वर्तमानपत्रांत हल्ली वरचेवर येतात. माझा दहा वर्षांचा नातू ते कापून वहीत चिकटवतो. इंदुरात आमच्या गच्चीवरून, शेजारच्या मॅरेज गार्डनच्या फ्लडलाइटमुळे, मृग नक्षत्राच्या पोटातला बाण, म्हणजे एका ओळीतले तीन तारे, जेमतेम दिसतो. म्हणून पौष अमावास्येला त्याला चोरलजवळ भाच्याच्या शेतावर नेलं. तिथे बाणाखालची तीन मंद ठिपक्यांची ओळ स्वच्छ दिसली. त्यातला मधला ठिपका म्हणजेच मृगातला तेजोमेघ. त्यावर द्विनेत्री (बायनॉक्युलर) धरून दिली. बराच वेळ पाहून तो म्हणाला, "आजी, काचेवर तोंडाने 'हाऽ' केल्यावर उमटतं ना, तसं दिसतंय. रंग कुठे गेले?"

त्याचा चेहरा उतरला होता. वहीतल्या फोटोखाली 'अंतराळातील विलोभनीय दृश्य' एवढंच छापलेलं. त्यावरून त्याला काय कळणार?

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. बांधावर बसूनच त्याला सांगितलं, की तो धुरकट डाग म्हणजे वायू आणि धुळीचा अवाढव्य ढग आहे, बहुतांश हायड्रोजनचा. तरी इतका विरळ, की आपल्या प्रयोगशाळेतली निर्वात पोकळीसुद्धा त्यापुढे दाट म्हणावी. त्याच्या पोटात चार तापलेल्या तरुण ताऱ्यांची चौकडी आहे. त्यांच्या अतिनील किरणांनी तो वायू उजळतो, आणि आजही तिथे नवे तारे जन्माला येत आहेत. अंतर सुमारे १,३०० प्रकाशवर्षं. म्हणजे त्या रात्री आमच्या डोळ्यांत आलेला उजेड तिथून निघाला, तेव्हा इकडे बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं! हे ऐकून त्याने द्विनेत्री पुन्हा मागून घेतली.

रंग खोटे नाहीत. मंद उजेडात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाहीत. कॅमेरा मिनिटंच्या मिनिटं, कधी तासन्‌तास प्रकाश साठवतो, मग हायड्रोजनचा लाल रंग उमटतो. अंतराळातली जेम्स वेब दुर्बीण तर डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टिपते. त्या फोटोंतले रंग शास्त्रज्ञ ठरवून देतात.

सगळेच तेजोमेघ ताऱ्यांची बाळंतिणीची खोली नसतात. वृषभेतला खेकडा तेजोमेघ हा १०५४ साली चिनी ज्योतिषांनी स्फोट होताना पाहिलेल्या ताऱ्याचा अवशेष आहे. आणि तेजोमेघाला 'आकाशगंगा' म्हणणं तर कृपया थांबवावं; आकाशगंगा ही दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह. देवयानीलाही (अँड्रोमेडा) एके काळी तेजोमेघच समजत. ती स्वतंत्र दीर्घिका आहे हे खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी १९२४ च्या सुमारास दाखवून दिलं.

माझी कळकळीची विनंती आहे. असा फोटो छापाल तेव्हा खाली दोन ओळी जोडा: तो कोणत्या नक्षत्रात आहे, किती दूर आहे, रंग कसे आले आणि इथून साध्या डोळ्यांनी किंवा द्विनेत्रीने दिसेल का. मृग जानेवारी-फेब्रुवारीत रात्री नऊ-दहाला दक्षिणेकडे चांगला उंच असतो.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
लोकमान्य नगर, इंदूर